मागच्या इंजिनाची गाडी जॅकवर घेताना : 'गिअरमध्ये आहे, हलत नाही' हा गैरसमज

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना एकच गोष्ट दोनदा सांगितली गेली तिथं कात्री लावली आहे. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मागं कोंबडा ओरडताना ऐकू आला तर सांभाळून घ्या. या वेळचा भाग अंबाजोगाईहून, घराच्या वरच्या खोलीतून रेकॉर्ड करतोय. वर्क फ्रॉम होम चालू आहे, म्हणजे दिवसा कोड आणि संध्याकाळी घरच्यांची कामं.

आजच्या विषयाला कारण झाला माझा हॉस्टेलचा रूममेट. तो पुण्यात असतो आणि सध्या एका जुन्या पोर्शे ९११ च्या नादी लागलाय. गाडी त्याची नाही, सासरकडच्या नातेवाइकांची आहे. पण रविवारी खाली सरपटायला हाच. त्यानं फोन करून विचारलं, "तू मेकॅनिकलचा ना? ही गाडी घरी जॅकवर घ्यायची तर कशी घेऊ?"

मी म्हटलं, "बाबा रे, डिग्री मेकॅनिकलची असली तरी पगार सॉफ्टवेअरचा आहे. आणि पोर्शे मी फक्त स्क्रीनवर बघितलीय. पण मागं इंजिन असलेली गाडी उचलायचा अनुभव माझ्याकडं आहे, आणि तो चांगला नाही. आमच्या दारात नॅनो उभी असते."

तो हसला. तुम्हीही हसला असाल. पण थोडं थांबा.

नॅनो आणि पोर्शे एका ओळीत कशा?

टाटा नॅनो मार्च २००९ मध्ये बाजारात आली. ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, आणि ते मागं. चालतात तीही मागचीच चाकं. पोर्शे ९११ पहिल्यांदा लोकांना दिसली १९६३ साली, फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात. तिचं सहा सिलिंडरचं इंजिन मागच्या आसाच्याही मागं, आणि चालतात मागचीच चाकं. किमतीत, वेगात, रुबाबात जमीन-अस्मानाचा फरक. पण जॅकला रुबाब कळत नाही. त्याला वजन कुठं आहे आणि चाकं कशानं धरलीत एवढंच कळतं, आणि त्या हिशेबात या दोघी बहिणी आहेत.

तसं मागचं इंजिन आपल्याला परकं नाही. बजाजची रिक्षा १९७७ पासून मागच्या इंजिनाची येते. पण रिक्षाला जॅक कोण लावतं? दोघं मिळून तिला कुशीवर कलंडवतात, काम करतात, पुन्हा सरळ करतात. कारचं तसं होत नाही. तिच्या खाली जावं लागतं.

नॅनोत वजन मागं आहे हे बघायला काटा लागत नाही. टायर बघा. पुढचे १३५ मिलिमीटर रुंदीचे, मागचे १५५. स्टेपनी पुढं बॉनेटखाली ठेवलेली. ऑइल बदला, क्लच बघा, मागचे ब्रेक खोला, बरंचसं काम मागच्या बाजूलाच निघतं. म्हणजे गाडीची जड बाजूच उचलावी लागते. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

त्या दिवशी काय झालं

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच पास होऊन घरी आलो होतो. मागच्या डाव्या चाकातून घासल्यासारखा आवाज येत होता. काका म्हणाले, खोलून बघू. काकांनी अर्धं आयुष्य ट्रॅक्टर चालवण्यात घातलेलं, कारखान्याला ऊस वाहिलेला. पाना हातात घ्यायला ते कुणाला विचारत नाहीत.

अंगण शहाबादी फरशीचं. पाणी नालीकडं जावं म्हणून थोडा उतार दिलेला. चालताना पायाला कळतसुद्धा नाही एवढा. गाडीचं तोंड नालीकडं. गाडीसोबत आलेला कात्री जॅक लावला, मागची डावी बाजू उचलली, तीन नट काढले, चाक काढलं. पुढच्या चाकांना दगड लावायचा काकांनी म्हटलं होतं. मी म्हटलं, "हँडब्रेक ओढलाय काका, आणि पहिल्या गिअरमध्ये आहे."

आता ब्रेकचा ड्रम काढायचा. तो हलेना. हलणार कसा? हँडब्रेक ओढलेला असला की आतले ब्रेक शू ड्रमला आतून दाबून धरतात.

काका म्हणाले, "इंजनेर, हँडब्रेक सोड रे. ड्रम निघंना झालाय."

मी दार उघडून हँडब्रेक सोडला आणि म्हटलं, "सोडला. तुम्ही ओढा, गिअरमध्ये आहे, हलत नाही."

दोन सेकंद काहीच झालं नाही. मग काकांनी ड्रमला हात घातला, गाडीला थोडा धक्का बसला आणि ती हळूच पुढं निघाली. मला आजही तो ड्रम दिसतो. गाडी पुढं चालली होती आणि हवेतला ड्रम उलटा फिरत होता. जॅक तिरका झाला, फरशीवरून सटकला आणि गाडी खाली बसली.

ती बसली काढलेल्या चाकावर. चाक काढल्यावर काकांनी ते दाराच्या खाली, गाडीच्या कडेला आडवं सारून ठेवलं होतं. मला वाटलं होतं, वाटेत नको म्हणून ठेवलं असेल. काकांचा पाय तिथून वीतभर अंतरावर होता.

दोघंही काही बोललो नाही. मग काका म्हणाले, "चाक खाली सारलेलं बरं झालं." आणि चहा सांगितला.

ट्रॅक्टरवरच्या माणसाची सवय आहे ती. काढलेलं चाक धुडाच्या खाली सारायचं, धूड पडलंच तर चाकावर पडेल. त्यांच्या सवयीनं त्यांचा पाय वाचवला. माझ्या डिग्रीनं तो जवळजवळ घालवला होता.

गिअर का धरला नाही

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की याचं उत्तर मी परीक्षेत लिहिलेलं होतं. डिफरन्शियलचं चित्र काढून, बाण दाखवून, मार्क घेऊन. अंगणात मात्र ते ओळखू आलं नाही.

सोपं करून सांगतो. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एक घासत जाईल. म्हणून मध्ये डिफरन्शियल असतं. ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतं. फक्त दोघांच्या वेगांची बेरीज इंजिनाकडून येणाऱ्या फेऱ्यांशी जुळली पाहिजे.

आता इंजिन बंद आणि गाडी गिअरमध्ये. इंजिनाकडून येणाऱ्या फेऱ्या शून्य, म्हणजे दोन्ही चाकांची बेरीजही शून्य. दोन्ही चाकं जमिनीवर असतील तर दोघांनाही एकाच दिशेला फिरावं लागेल, बेरीज शून्य येणार नाही, म्हणून गाडी अडकून राहते. उतारावर गिअर टाकून ठेवतो तो याच भरवशावर.

पण एक चाक हवेत गेलं की शून्याची सोय झाली. जमिनीवरचं चाक एक फेरा पुढं, हवेतलं एक फेरा मागं. बेरीज शून्य. गिअर आपल्या जागी, इंजिन आपल्या जागी, आणि गाडी मात्र नालीकडं. म्हणून तो ड्रम उलटा फिरत होता.

हे फक्त मागच्या इंजिनाच्या गाडीचं नाही. जी चाकं इंजिन फिरवतं त्यांतलं एक उचललं की गिअरचा भरवसा संपला. मग मागच्या इंजिनात वेगळं काय?

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या, अल्टो म्हणा, वॅगन आर म्हणा, पुढच्या चाकांवर चालतात. त्यांत गिअर पुढची चाकं धरतो आणि हँडब्रेक मागची. मागची बाजू उचलली तर पुढं गिअर आहे, पुढची उचलली तर मागं हँडब्रेक आहे. चूक केली तरी गाडी एखाद वेळेस सांभाळून घेते. आपले हात त्याच गाड्यांवर तयार झालेत.

नॅनोत आणि जुन्या ९११ मध्ये गिअरही मागच्या चाकांना, हँडब्रेकही मागच्याच चाकांना, आणि वजनही तिथंच. पुढची बाजू उचलली तर दोन्ही कुलपं लागलेली, काही अडचण नाही. पण मागची दोन्ही चाकं उचलली तर दोन्ही कुलपं हवेत. पुढची चाकं मोकळी, सायकलच्या चाकासारखी. त्यांना धरून ठेवायला तुम्ही लावलेला दगड सोडून काही नाही. बोलेरो आणि ओम्नीवाल्यांनीही हे ऐकून ठेवा. इंजिन मागं नसलं तरी तुमचाही गिअर आणि हँडब्रेक मागच्याच चाकांना आहे.

आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही : मागची बाजू उचलायची तर गाडी पुढच्या चाकांना लावलेल्या अडथळ्यांवर उभी आहे असं समजा. गिअर आणि हँडब्रेक नाहीतच असं धरा.

दगड, वीट आणि ठोकळा

अडथळा म्हणून सगळ्यात चांगला लाकडी ठोकळा, पाचरीसारखा तिरका कापलेला. सुताराकडून चार करून घ्या. दोन्ही पुढच्या चाकांना, पुढून आणि मागून. टायरला घट्ट टेकलेला हवा, बोटभर लांब नको. चार बोटं घरंगळलेली गाडी ठोकळ्यावर चढून पुढं जाऊ शकते.

गोल दगड नको, तो स्वतःच गडगडतो. गुळगुळीत फरशीवर ठोकळाही सरकतो, आणि मागच्या इंजिनाच्या गाडीचा पुढचा भाग हलका, त्यामुळं चाकाची पकडही कमी. ठोकळ्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा टाका.

वीट अडथळा म्हणून एक वेळ चालेल, पण गाडीखाली आधार म्हणून कधीच नाही. सिमेंटचा पोकळ ब्लॉकही नाही. भिंतीत त्यांच्यावर वजन सगळीकडून सारखं येतं, गाडीखाली एका टोकावर येतं. ते आधी इशारा देत नाहीत, एकदम चुरा होतात.

जमीन आधी बघा

जागा सपाट हवी. डोळ्यावर विश्वास ठेवू नका, आमचं अंगणही सपाटच दिसायचं. फरशीवर तांब्याभर पाणी ओता, कुठं पळतं ते बघा. वाहत असेल तर जागा बदला.

आपल्याकडची काळी माती वरून कडक दिसते, पण जॅकच्या छोट्या बुडाखाली दबते, पावसाळ्यात तर विचारूच नका. एका बाजूनं दबली की जॅक तिरका. खाली जाड फळी टाका, किमान दीड-दोन फूट लांब-रुंद. शहाबादी फरशी काही ठिकाणी खालून पोकळ असते. दांडक्यानं ठोकून बघा, बद्द आवाज आला तर तिथं जॅक नको. आणि मे महिन्यात भर दुपारी डांबरी रस्त्यावर काम काढू नका. डांबर मऊ होतं आणि जॅक त्यात बसतो.

जॅक उचलण्यासाठी, धरून ठेवण्यासाठी नाही

गाडीसोबतचा कात्री जॅक रस्त्यात चाक बदलण्यापुरता असतो. त्याचं बूड छोटं, आणि बाजूनं ढकललं की तो उभा राहत नाही. ट्रॅक्टरवाल्यांकडचा बॉटल जॅक ताकदीनं दांडगा, पण तोही उंच आणि अरुंद. त्यातलं तेल झिरपलं तर गाडी हळूहळू खाली येते.

इथं एक गैरसमज असतो. "दोन टनाचा जॅक आहे, गाडी सहाशे किलोची, काय होतंय?" जॅक वजनानं मोडून गाडी पडणं क्वचितच. गाडी पडते ती बाजूला सरकून. तुमचा जॅक दहा टनाचा असला तरी सरकणं थांबत नाही.

घरी नेहमी काम करायचं असेल तर चाकांचा ट्रॉली जॅक घ्या. त्याला चाकं का असतात? गाडीची एक बाजू वर जाते तेव्हा ती सरळ वर जात नाही, दुसऱ्या बाजूच्या टायरांभोवती थोडी गोलाईत जाते. ट्रॉली जॅक त्या गोलाईबरोबर स्वतः आत सरकतो. म्हणून त्याच्या चाकांखाली खडी, माती, पाना काही नको. चाक अडलं तर जॅक जागेवर राहतो आणि गाडी त्याच्या डोक्यावरून घसरते.

आणि जोडीनं जॅक स्टँड घ्या, दोन तरी. जॅकनं उचलायचं, स्टँडवर टेकवायचं, मग हात घालायचा. स्टँड नसतील तर चाक बदलण्यापलीकडं काही करू नका. खाली तर जाऊच नका.

जॅक कुठं लावायचा? दाराखालच्या पट्टीवर गाडीच्या मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी. तिथं पत्रा दुहेरी, मजबूत असतो. नॅनोच्या मागं खाली वाकून बघितलं की इंजिनाचा सपाट तळ दिसतो आणि वाटतं, वा, किती छान जागा. ती ऑइलची जागा आहे. तिथं, सायलेन्सरला किंवा नुसत्या तळाच्या पत्र्याला जॅक लावायचा नाही.

कामाचा क्रम

आता सगळं एका ओळीत सांगतो. पहिल्यांदा करणाऱ्यांनी हे लिहून भिंतीला चिकटवा.

१. जागा सपाट. पोरंसोरं, कोंबड्या, कुत्रं बाजूला. घरात कुणाला तरी सांगून ठेवा की मी गाडीखाली काम करतोय.

२. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. दोन्ही असू द्या, फक्त त्यांच्यावर विसंबू नका.

३. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे.

४. चाक काढायचं असेल तर नट जमिनीवरच थोडे सैल करा. हवेतल्या चाकाचे घट्ट नट पायानं हाणले की गाडी जॅकवरून हलते.

५. जॅक लावा, वीतभर उचला, थांबा. जॅक सरळ आहे का, ठोकळे हललेत का, बघा. मग पुढं.

६. स्टँड लावा, जॅक हळूहळू सोडून वजन स्टँडवर घ्या. जॅक काढून टाकू नका, टेकलेला राहू द्या.

७. काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सारा. हा काकांचा नियम.

८. खाली जाण्याआधी उभं राहून गाडी हातानं जोरात हलवा. पडायची असेल तर आत्ता पडू दे.

९. हँडब्रेक सोडायची वेळ आली तर आधी ठोकळे पुन्हा बघून या. आमची चूक इथंच झाली.

१०. शेवटी खालची हत्यारं मोजून बाहेर काढा, मग गाडी उतरवा. नट जमिनीवर आल्यावर पक्के करा. नॅनोला एका चाकाला तीनच नट असतात, एकही सैल परवडत नाही.

आणि एक. नॅनो हलकी म्हणून शेजारचे चौघं येतात, "जॅक कशाला, हातानं उचलतो, तू खाली दगड सार." प्रेमानं नाही म्हणा. चौघांतल्या एकाचा पाय सरकला की उरलेल्या तिघांना ती पेलत नाही.

मित्राच्या ९११ साठी

नियम तेच, पण तीन गोष्टी जादा.

एक, गंज. पोर्शेनं गाडीचा पत्रा जस्ताचा मुलामा देऊन बनवायला १९७६ च्या मॉडेलपासून सुरुवात केली. त्याआधीची गाडी असेल तर दाराखालची जॅकची जागा आतून खाल्लेली असू शकते. वरून रंग छान असतो. बोटानं दाबा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. पत्रा कुरकुरला तर तिथं जॅक नको, आधी पत्र्याचं काम करून घ्या.

दोन, इंजिनाचं पोट. एअर कूल्ड ९११, म्हणजे १९९८ पर्यंतची, तिच्या इंजिनाचं खालचं कवच हलक्या धातूचं आहे. तिथं जॅकचं डोकं टेकवायचं नाही.

तीन, पुढचं चाक. तिचं साठेक टक्के वजन मागं, पुढचा भाग हलका, सांगाडा ताठ. मागच्या बाजूनं उचलली की त्याच बाजूचं पुढचं चाकही जमीन सोडू शकतं. तुम्ही त्याच एका चाकाला ठोकळे लावले असतील तर ते आता हवेला लावलेत. म्हणून दोन्ही पुढच्या चाकांना लावायचे.

रस्त्यात पंक्चर झालं तर

बीडहून सोलापूरकडं जाताना मांजरसुंबा घाटात मागचं चाक बसलं, असं समजा. घाटात उतारावर जॅक लावू नका. इंडिकेटर लावून, बसलेल्या चाकावरच हळूहळू सपाट जागेपर्यंत जा. टायर खराब होईल, होऊ द्या. मग हँडब्रेक ओढलेलाच ठेवून, पुढच्या चाकांना चपटे दगड लावून चाक बदला. आणि निघताना ते दगड रस्त्याच्या कडेला टाका. तुमचं काम झालं, पण रात्री मोटरसायकलवर येणाऱ्याला तो दगड दिसत नाही.

तर मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, एवढं करण्यापेक्षा गॅरेजला नेतो. मी म्हटलं, ने की, त्यात कमीपणा काय? घरी करायचंच तर एवढं करायचं, नाहीतर न्यायचं.

काका अजून नॅनोचं काम स्वतःच करतात. परवा ऑइल बदललं. आता आमच्याकडं दोन स्टँड आहेत आणि बाभळीच्या लाकडाचे चार ठोकळे. मी जॅक लावला तसं काकांनी विचारलं, "दगड लावले का?"

"लावले, काका."

तरी ते पुढं जाऊन, वाकून, चारही ठोकळे पायानं दाबून आले. मला राग आला नाही. मीही त्यांच्या मागोमाग जाऊन पुन्हा एकदा बघितले.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.